तारण : बँकेतले आणि बायबलमधले

'तारण' हा मराठी शब्द दोन जागी भेटतो. एक बँकेत, दुसरा चर्चमध्ये. आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा पहिल्या तारणाशी नित्याचा परिचय. कर्ज हवे असेल तर काहीतरी तारण द्यावे लागते. सोने, घर, जमीन, विम्याची पॉलिसी, काहीही चालेल. पण द्यावे लागते. ज्याच्यापाशी तारण द्यायला काही नाही, त्याला कर्ज मिळणे कठीण. हा व्यवहाराचा साधा नियम आहे, आणि त्याबद्दल बँकेला दोष देण्यात अर्थ नाही. ठेवीदारांचा पैसा ती वाऱ्यावर कशी सोडील?

गेल्या वर्षी बाबांबरोबर मी अशाच एका कचेरीत गेलो होतो. रक्कम काही फार मोठी नव्हती. टेबलामागच्या साहेबांनी कागद चाळले, चष्मा काढला आणि मऊ आवाजात विचारले, "तारण काय देणार?" बाबा काही बोलले नाहीत. खिशातला रुमाल काढून त्यांनी घाम पुसला, इतकेच.

त्याच सुमारास गुड फ्रायडे आला. माझा एक ख्रिस्ती वर्गमित्र मला त्यांच्या मराठी उपासनेला घेऊन गेला. मी कुतूहलापोटी गेलो होतो. मागच्या बाकावर बसलो. पाळकसाहेब येशूबरोबर क्रूसावर खिळलेल्या गुन्हेगाराची गोष्ट सांगत होते. लूकच्या शुभवर्तमानात ही हकिकत आली आहे. मरणाच्या दारी त्या गुन्हेगाराने येशूला आपली आठवण ठेवण्याची विनंती केली, आणि येशूने त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन दिले. त्या माणसाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. दानधर्म केला नव्हता. कुणाचे काही लुबाडले असेल तर ते परतही केले नव्हते. करायला हात मोकळे नव्हते आणि वेळ तर उरलीच नव्हती. "तरी त्याचे तारण झाले," पाळकसाहेब म्हणाले.

मी बाकावर सावरून बसलो. तारण द्यायला ज्याच्याजवळ कवडी नाही, त्याचेच तारण! हा कुठला व्यवहार?

आता हे सारे लिहिण्याचे कारण सांगतो. माझी आजी तीन वर्षांपूर्वी गेली. साऱ्या जन्मात तिने दुसऱ्यांच्या शेतात भांगलण केली, लावणी केली, आमची उष्टी काढली. अंथरुणाला खिळल्यावर तिला एकच घोर लागून राहिला होता. एके रात्री मी पाय चेपत बसलो असताना ती म्हणाली, "बाळा, पंढरीला एकदाच गेलो बघ मी. उपासतापास झालं न्हाईत, दानधरम झाला न्हाई. आता वर गेल्यावर काय दाखवू रे?" आणि तिने दोन्ही रिकामे तळवे माझ्यापुढे उघडे केले.

मी तिला म्हणालो, "आजी, तू किती कष्ट केलेस, तेच तुझे पुण्य." हे उत्तर मला त्या वेळी फार चांगले वाटले होते. तिला ते पटले नाही. तिचे म्हणणे सरळ होते : कष्ट पोटासाठी केले, ते पुण्यात कसे धरायचे? आज वाटते, तिचा हिशेब माझ्यापेक्षा चोख होता. मी तिची जमेची बाजू कशीबशी भरू पाहत होतो. खाते मात्र तेच ठेवले होते.

हिशेबाचे हे ओझे आपल्याकडेच आहे असे नाही. युरोपात सोळाव्या शतकाच्या आरंभी त्याचा अक्षरशः व्यापार झाला होता, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो मुळातून पाहण्यासारखा आहे. आल्ब्रेख्ट नावाच्या एका जर्मन सरदारपुत्राला १५१४ साली माइन्झचे आर्चबिशपपद मिळाले. त्यासाठी रोमला द्यायची मोठी रक्कम त्याने आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीकडून कर्जाऊ घेतली. हे कर्ज फिटावे कसे? पोप दहावा लिओ याने त्याच्या मुलखात क्षमापत्रे विकण्यास परवानगी दिली. अर्धे उत्पन्न रोमला सेंट पीटरच्या मंदिराच्या बांधकामासाठी, अर्धे फुगरांच्या कर्जफेडीसाठी! चर्चच्या शिकवणीप्रमाणे क्षमापत्राने खुद्द पापाची क्षमा होत नसे. पापाबद्दल भोगायच्या शिक्षेत सूट मिळे. परंतु बाजारात उभ्या असलेल्या गरीब बाईला हा बारकावा कोण समजावून सांगणार? ती आपल्या मेलेल्या आईबापांच्या सुटकेसाठी पदराची गाठ सोडीत होती.

या व्यवहाराविरुद्ध मार्टिन ल्यूथर या प्राध्यापक असलेल्या संन्याशाने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी आपली ९५ प्रमेये मांडली, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचतो. पुस्तकात सहसा न येणारी गोष्ट अशी की ल्यूथर स्वतः या हिशेबाखाली कित्येक वर्षे चिरडला गेला होता. १५०५ साली तो मठात शिरला. उपास, जागरणे, थंडीत कुडकुडणे, सारे केले. पापकथनाला बसला की तासन् तास उठत नसे. एखादे पाप सांगायचे राहिले तर? जमाखर्च जुळावा म्हणून रात्र रात्र जागणाऱ्या कारकुनासारखी त्याची अवस्था झाली होती. पुढे पौलाचे रोमकरांस पत्र शिकताना त्याला उमगले की देवाचे न्यायीपण हे आपण फेडायचे देणे नाही. ते देवाकडून मिळणारे दान आहे, आणि ते घ्यायला फक्त विश्वास हवा. येथे विश्वास म्हणजे टेकणे. दमलेला माणूस भिंतीला टेकतो तसे.

ही दूर देशीची, जुनी गोष्ट झाली. आपल्या घराजवळची गोष्ट आहे पंडिता रमाबाईंची. त्यांचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात, मराठी बोलणाऱ्या घरात झाला. म्हणजे आपल्या या दोन भाषांच्या अंकात त्यांच्यावर दोन्ही विभागांचा हक्क पोहोचतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान आणि सुधारक वृत्तीचे. धर्मपत्नीला आणि मुलीला त्यांनी संस्कृत शिकवले. पण पुण्याचा हिशेब या विद्वान घरालाही सुटला नाही. तीर्थयात्रा, अनुष्ठाने, ब्राह्मणभोजने आणि दाने यांत होते नव्हते ते सारे संपले. देव पावेल आणि गेलेले परत येईल, अशी आशा होती. दुष्काळात, १८७४ च्या सुमारास, अन्नावाचून आणि आजारपणाने वडील, आई, बहीण असे एकामागून एक गेले. रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात हे सारे सांगितले आहे. जमेच्या बाजूला सर्वस्व लिहून झाले होते आणि शिल्लक शून्य होती.

पुढची कथा आपल्याला ठाऊक आहे. भावाबरोबर पायी भ्रमण, १८७८ साली कलकत्त्यास 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, भावाचा मृत्यू, बंगाली वकिलाशी विवाह, दोन वर्षांतच वैधव्य, पदरी लहान मुलगी. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यामुंबईत केवढा गहजब झाला! परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची आहे. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाईंना समाधान मिळाले नाही. त्या विदुषी होत्या. त्रैक्याच्या सिद्धांतावरून आपल्याला आसरा देणाऱ्या जोगिणींशीही त्यांनी कसून वाद घातला. धर्म पटला होता, मन निवाले नव्हते. बाप्तिस्म्याला सुमारे आठ वर्षे झाल्यावर त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र पडले. हा गृहस्थ कित्येक वर्षे चर्चचा अधिकारी होता आणि १८५१ साली स्वतःच्याच प्रवचनाच्या वेळी त्याला कळले की आपण जे लोकांना सांगतो ते आपल्यालाच मिळालेले नाही! रमाबाईंना आपली जागा सापडली. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ज्याच्यावर टेकायचे तो ख्रिस्त आपल्याला गवसलाच नाही, असे त्यांच्या ध्यानी आले. मग संस्कृत शास्त्रे तोंडपाठ असणारी ही बाई निरक्षर माणसासारखी रिकाम्या हाताने उभी राहिली, आणि तिला शांती लाभली.

म्हणून मला वाटते, धर्मांतर आणि साधी श्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव बदलता येते, देऊळ बदलता येते, आणि तरी मनातली वही तीच राहू शकते. पूर्वी एकादश्या मांडायच्या, आता रविवारच्या उपासना मांडायच्या. वहीचा रंग बदलला, एवढेच. साध्या श्रद्धेचा घाव त्या वहीवरच पडतो.

आता आक्षेपांकडे वळतो. कारण ही चर्चा मी मित्रांबरोबर कँटीनमध्ये केली तेव्हा ते धडाधड आले.

पहिला आक्षेप : हे फार स्वस्त झाले. नुसता विश्वास ठेवा आणि मोकळे व्हा! याला मी हिशेबनिसाच्या भाषेतच उत्तर देतो. ऋणको देणे देऊ शकत नाही असे नक्की झाले की ते देणे आपण 'बुडीत कर्ज' म्हणून निर्लेखित करतो. नोंद कशी होते? बुडीत कर्ज खाते नावे, ऋणकोचे खाते जमा. ऋणकोचे खाते बंद होते. तो मोकळा होतो. पण रक्कम हवेत विरून जात नाही. वर्षअखेरीस ती धनकोच्या नफा-तोटा खात्याला नावे पडते आणि त्याच्या भांडवलातून वजा होते. म्हणजे सोडलेल्या कर्जाची किंमत नेहमी कोणीतरी मोजलेली असते, आणि तो कोणीतरी म्हणजे सोडणारा. ख्रिस्ती माणूस क्रूसाकडे बोट दाखवतो तो याच नोंदीकडे. घेणाऱ्याला फुकट मिळाले. देणाऱ्याला ते फुकट पडले नाही. मराठी ख्रिस्ती लोक रोज जी प्रभूची प्रार्थना म्हणतात, तिच्यात पापाला शब्दच 'ऋण' असा वापरला आहे, हे मला नंतर कळले आणि मौज वाटली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मग माणूस पाप करायला मोकळाच की! कर्ज माफ होणार हे ठाऊक असल्यावर हप्ता कोण भरील? कर्जमाफीचा विषय आपल्याकडे काही नवा नाही, त्यामुळे हा प्रश्न तोंडावर येणारच. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने एक दाखला दिला आहे. एका चाकराचे राजाकडे दहा हजार तलांत देणे होते. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मी कागदावर मांडून पाहिले : ६ कोटी दिवसांची मजुरी! वर्षाला तीनशे दिवस काम धरले तरी दोन लाख वर्षे. राजाने ते सगळे सोडले. बाहेर पडताच त्या चाकराने, शंभर दिनार देणे असलेल्या आपल्या सोबत्याची मानगूट धरली. सहा लाखांत एक हे त्या दोन कर्जांचे प्रमाण. राजाने मग त्याला धरून आणले. दाखल्याचा रोख उघड आहे : सोडलेले कर्ज खरोखर कळले असेल तर माणसाचा हात सोबत्याच्या मानेवरून आपोआप सुटेल. तो सुटला नाही, तर त्याला काहीच कळलेले नाही.

आणि रमाबाईंचे काय झाले ते पाहा. पुण्य मिळवायचे संपल्यावर त्यांनी हात जोडून बसून राहायला हवे होते. प्रत्यक्षात १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि आईबापाविना वणवणणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो मुली आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात या मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले, आणि ते काम हातावेगळे करून १९२२ साली त्या गेल्या. हे काम पुण्यासाठी नव्हते. पुण्याची चिंता मिटल्यामुळे दोन्ही हात कामाला मोकळे झाले होते. ज्याला स्वतःच्या खात्याची काळजी आहे तो भुकेल्याला घास देतानाही अर्धा डोळा वहीवर ठेवतो. भुकेल्याला ते कळते.

श्रद्धा आणि कृती यांच्या नात्यावरून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट शतकानुशतके भांडले, हे खरे. याकोबाच्या पत्रात कृतीविना श्रद्धेला मृतच म्हटले आहे, आणि ट्रेंटच्या धर्मसभेने (१५४५-६३) श्रद्धेबरोबर प्रेमाच्या कृतीवर भर दिला. परंतु ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ल्यूथरपंथीय आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. माणसाचा स्वीकार त्याच्या कमाईमुळे होत नाही, देवाच्या कृपेने आणि ख्रिस्तावरील विश्वासाने होतो. सत्कृत्ये त्या स्वीकारातून उगवतात, असा त्याचा आशय. सह्या झाल्या ते गाव कोणते? आउग्सबुर्ग. फुगरांच्या पेढीचे गाव!

तिसरा प्रश्न आक्षेप नव्हता, टोमणा होता : "काय रे, बाटणार की काय?" मी ख्रिस्ती नाही. घरी विठोबाची तसबीर आहे आणि संध्याकाळी तिच्यापुढे दिवा लागतो. पण दुसऱ्याच्या घरातली चांगली गोष्ट समजून घ्यायला घर सोडावे लागते, असे मला वाटत नाही. आपल्याकडेही हा प्रश्न विचारला गेलाच होता. रामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे दोन पंथ झाले. वडकलै म्हणतात, माकडिणीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, तसे भक्ताने देवाला धरावे. तेंकलै म्हणतात, मांजरीचे पिलू काही करीत नाही. आईच त्याला तोंडात धरून नेते. कृपेपुढे रिकाम्या हाताने उभे राहणे आपल्याला परके नाही. अर्थात 'सगळे धर्म एकच' असे म्हणून मी मोकळा होणार नाही. ख्रिस्ती श्रद्धा एका विशिष्ट माणसाशी, रोमन अंमलाखाली झालेल्या त्याच्या मृत्यूशी आणि पुनरुत्थानाशी बांधलेली आहे. तो सांधा काढून टाकला तर ती ख्रिस्ती उरत नाही. साम्य पाहताना एवढा प्रामाणिकपणा ठेवलाच पाहिजे.

माझे म्हणणे एवढेच की या साध्या श्रद्धेला आपण शिकलेली मंडळी 'भाबडी' म्हणून हसतो, ते चूक आहे. भाबडा माणूस नवस बोलतो, सौदा करतो, नारळाच्या बदल्यात नोकरी मागतो. साध्या श्रद्धेत सौदाच नसतो, आणि म्हणून ती आपल्याला अवघड जाते. आपले सगळे शिक्षण कमवा आणि दाखवा, याचे. गुण दाखवा, प्रमाणपत्र दाखवा, तारण दाखवा. काही न दाखवता कोणी आपल्याला जवळ घेईल, यावर विश्वास ठेवणे हे बी. कॉम.च्या कोणत्याही पेपरपेक्षा कठीण आहे. निदान मला तरी ते अजून साधलेले नाही.

पण आजीची ती रात्र मला पुन्हा मिळाली असती, तर मी तिचे कष्ट मोजून दाखवले नसते. तिने उघडे केलेले ते दोन तळवे, ज्यांची तिला लाज वाटत होती, तसेच माझ्या हातात धरले असते आणि म्हणालो असतो, "आजी, काही दाखवायचे नसते गं. एवढेच लागते."

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)